भाऊंचे बारा फूट

अवसरी बुद्रुकच्या चांगदेवभाऊंनी गेटसाठी मला एकूण त्रेचाळीस फोटो पाठवले. त्यातल्या एकात बर्फ पडलेला होता, दोनांत घोडे होते, आणि एक फोटो गेटचा नव्हताच, कुठल्याशा परदेशी बंगल्यासमोर उभ्या असलेल्या बाईचा होता. तो चुकून आला म्हणाले. गावात सगळ्यांची गेटं लोखंडी, म्हणून भाऊंना लाकडी हवं होतं. बंगला नवीन, गाडी नवीन, रस्त्यापासून पोर्चपर्यंत गाडीसाठी सिमेंटची वाट नवीन. एवढ्या सगळ्याच्या तोंडाशी लोखंडी गेट लावलं तर पोल्ट्रीवाल्याचं घर वाटेल, असं त्यांचं मत.

माझं आळेफाट्याला सुतारकामाचं शेड आहे. माझं म्हणजे बाबांचं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आम्ही जातीचे सुतार नाही, बौद्ध आहोत. बाबा भोसरीच्या फर्निचर कारखान्यात काम शिकले आणि इथं येऊन त्यांनी स्वतःच्या मशिनी टाकल्या. मी दहावीपासून त्यांच्या हाताखाली. तरी लोक अजून शेडच्या दारात येऊन मिस्त्री आहेत का विचारतात. मी भुशात उभी, कानावर पेन्सिल, समोर कटर चालू, आणि ते माझ्या खांद्यावरून आत कुणी बाप्या दिसतोय का ते बघतात.

शेडची जागा बाबांच्या आणि नवनाथकाकांच्या नावावर होती. काका माणूस वाईट नाही, त्यांचा फक्त माझ्यावर भरवसा नव्हता. एक टायरवाला जागा भाड्यानं मागत होता. काकांनी मला सरळ सांगितलं होतं की डिसेंबरपर्यंत एक तरी मोठं काम तक्रारीशिवाय उभं करून दाखव, नाहीतर मशिनी विकू. आपल्याकडे तक्रारीशिवाय लग्नसुद्धा पार पडत नाही, पण मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मला ते शेड हवं होतं. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.

चांगदेवभाऊंचं गेट हे ते मोठं काम.

माप घ्यायला गेले तेव्हा आधी पसंतीचा कार्यक्रम झाला. भाऊंना आधी पूर्ण बंद फळ्यांचं गेट हवं होतं, म्हणजे शेजाऱ्यांना आतलं काही दिसणार नाही. मी चित्र काढून दाखवलं. ते बघून भाऊ विचारात पडले, कारण मग शेजाऱ्यांना गाडीपण दिसणार नव्हती. मग फटींचं ठरलं. फटींतून गाडीबरोबर त्यांच्या आईच्या, धोंडाबाईंच्या, दोन म्हशीही दिसणार हे लक्षात आल्यावर पुन्हा बंद फळ्या आल्या. शेवटी खाली बंद, वर फटी, आणि फटी बरोबर बॉनेटच्या उंचीवर, असं ठरलं. त्यासाठी गाडी बाहेर काढून पुन्हा आत लावण्यात आली. धोंडाबाई एवढंच म्हणाल्या की लाकडाला वाळवी लागते आणि हौसेला औषध नसतं. भाऊंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

चहा आला. भाऊंनी मला आवर्जून सांगितलं की आमच्या घरात जातपात कुणी मानत नाही. मला चहा कागदी कपात होता. बाकी सगळ्यांच्या कपांना कान होते.

मग मी टेप काढला. मी तो पिलरला लावेपर्यंत भाऊंनी माझ्या हातातून घेतलासुद्धा. एक टोक त्यांनी बायकोच्या, अश्विनीच्या, हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि फोन खांद्यात दाबून कुणाशी तरी कांद्याच्या बाजारावर बोलत बोलत आकडा सांगितला, बारा फूट. मला पुढं येऊही दिलं नाही. पोरीच्या जातीला कशाला त्रास, म्हणाले.

आकडा खोटा नव्हता. त्या दिवशी दोन पिलरांमधलं अंतर बाराच फूट होतं. पण बोअरच्या बाजूला करड्या दगडाच्या फरश्या रचून ठेवलेल्या मला दिसल्या. मी अश्विनीला विचारलं. ती म्हणाली, पिलरला लावायच्या आहेत, चारी बाजूंनी. मी एक फरशी उचलून मोजली, गवंडी पप्पूला गाठून सिमेंट किती जाड घेणार ते विचारलं. एका पिलरला आतून अडीच इंच, दोन्हींचे मिळून पाच. म्हणजे दगड लागल्यावर दोन पिलरांमधला गाळा अकरा फूट सात इंच उरणार, आणि गेटला हलायला दीड इंच मोकळा सोडायचा. हे मी भाऊंना त्यांच्या तोंडावर सांगितलं. भाऊ हसले. मायेनंच हसले. म्हणाले, "पोरी, दगड बाहेरनं लागतो. तू बारा लिही."

मी वहीत बारा लिहिलं. त्याच्याखाली माझं माप लिहिलं.

महिनाभर गेटवर काम केलं. सागवान जुन्नरच्या वखारीतून मी स्वतः निवडून आणलं, एकेक फळी उन्हात धरून बघितली. कापायच्या आधी एक दिवस वही समोर घेऊन बसून राहिले. बारा फुटांनी कापलं असतं तर गेट बसलंच नसतं, आणि भाऊंचं माप कुणी काढलं नसतं, बाईच्या हातचं काम म्हणाले असते. काका त्याच दिवशी टायरवाल्याला चावी देऊन मोकळे झाले असते. माझ्या मापानं कापलं तर गेट बसेल, मग कोण कशाला बोलेल, असा मी हिशोब केला. लाकडाच्या बाबतीत माझी अक्कल चालते. माणसांच्या बाबतीत ती किती तोकडी आहे हे गेट बसवायच्या दिवशी कळलं.

पिकअप काका चालवत होते. पप्पूनं दगडाचं काम चोख केलं होतं, पिलर ओळंब्यात होते. दोन्ही पल्ले बिजागऱ्यांवर चढवले, कडी घातली. मी एका बोटानं ढकललं तर पल्ला आवाज न करता गेला आणि जागच्या जागी येऊन थांबला. धोंडाबाईंनी तीनदा उघडून लावून बघितलं आणि काही नाव ठेवलं नाही. मला इतका आनंद झाला की तोंड फिरवून हत्यारं आवरायला लागले. बाबा असते तर त्यांनी नुसतं हं म्हटलं असतं. त्या हं साठी मी जीव टाकायचे.

एवढ्यात भाऊंनी टेप मागवला.

गेट बघायला आठ-दहा माणसं जमलीच होती. भाऊंनी त्यांच्यादेखत बंद गेट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. अकरा फूट साडेपाच इंच भरलं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग एका माजी सरपंचांनी मोजलं, मग दूधवाल्यानं मोजलं. सगळ्यांचं साडेपाचच आलं. भाऊंनी टेप सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साडेसहा इंच सागवान खाल्लं हिनं."

माणसं माझ्याकडे बघायला लागली. साडेसहा इंच सागवान घेऊन मी काय करणार होते? पाट? पण चोरी म्हटल्यावर लोकांना चोरीचा माल दिसायची गरज नसते. मी म्हणाले, गेट नीट लागतंय का ते बघा. भाऊ म्हणाले, लागण्याचा प्रश्न नाही, प्रश्न शब्दाचा आहे, मी बारा दिलं होतं. मी म्हणाले, मग मधला गाळा मोजा. तर म्हणाले, "त्यो मोजल्याला हाय. म्या सोता मोजलाय."

गाळा दोन पावलांवर होता. टेप दूधवाल्याच्या हातात होता. दहा माणसांतल्या एकालाही तो पिलरला लावून बघावासा वाटला नाही, कारण भाऊंनी मोजला होता. बारा फुटांच्या गाळ्यात साडेअकरा फुटांचं गेट कडी लावून बंद कसं होतं, हा प्रश्नही कुणाला पडला नाही. आणि मग काका पुढं आले. मला वाटलं माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी भाऊंपुढं हात जोडले. म्हणाले, "भाऊ, पोरीचं चुकलं. आमी पदरचं लाकूड लावून वाढवून देतो."

चोर म्हटल्याचं मला इतकं लागलं नव्हतं. काकांच्या जोडलेल्या हातांकडे मला बघवेना. मी काही बोलले असते तर रडले असते, आणि त्या माणसांसमोर मला रडायचं नव्हतं.

टेप दूधवाल्याच्या हातातून अश्विनीनं काढून घेतला. इतका वेळ ती पायरीवर उभी होती. तिनं गेट उघडलं, टेपचं टोक सासूच्या हातात दिलं आणि पिलरपाशी धरायला सांगितलं. स्वतः दुसऱ्या पिलरपाशी गेली, वाकून आकडा बघितला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अकरा फूट सात इंच."

भाऊंनी टेपकडे बघितलं, पिलरांकडे बघितलं, आणि पप्पूला हाक मारली. "पप्पू, पिलर आत कसं आलं रं?"

पप्पू थापी धूत होता. म्हणाला, "दगड लावला की भाऊ. तुमीच पसंत केला व्हता."

भाऊंच्या चेहऱ्यावर मला काहीतरी हलताना दिसलं आणि वाटलं, आता हा माणूस चुकलो म्हणणार. माझी अक्कल तोकडी आहे हे वर सांगितलंच आहे. भाऊ जमलेल्यांकडे वळले आणि कौतुकानं माझ्याकडे हात करून म्हणाले, "म्हनून तर म्या हिला आधीच सांगितलं व्हतं, दगड धरून माप घे म्हनून."

माजी सरपंचांनी मान डोलावली. दूधवाल्यानंही डोलावली. ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी मला चोर ठरवलं होतं ते आता भाऊंच्या नजरेला मानत होते. आणि काका, माझे सख्खे काका, सुटल्यासारखे हसून म्हणाले की भाऊंनी सांगितलं म्हणून बरं झालं. मला असा संताप आला की हातातली पटाशी मी खाली ठेवली. हातात राहिली असती तर मला माझीच खात्री नव्हती.

परत येताना नारायणगावापर्यंत मी काकांशी बोलले नाही. तेच बोलत होते. टायरवाल्याला नाही म्हणून सांगतो म्हणाले. काम चांगलं झालं म्हणाले, भाऊंचं लक्ष होतं म्हणाले. शेड वाचलं होतं, आणि ते मी वाचवलं होतं हे त्या पिकअपमध्ये मला एकटीलाच माहीत होतं.

पंधरा दिवसांनी भाऊंचा फोन आला. मंचरच्या एका नव्या मंगल कार्यालयाच्या कमिटीवर ते होते. तिथं अठरा दरवाजे करायचे होते, सगळे लाकडी. भाऊंनी माझं नाव पुढं केलं होतं. काका शेजारीच बसले होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. भाऊ म्हणाले की काम तुलाच देतो, काळजी करू नको, मापाला मात्र मी जातीनं येतो, मागच्या वेळेसारखं. काका खुशीत मान हलवत होते.

मी म्हणाले, "या ना भाऊ. फक्त आता कामाची एक पद्धत ठेवलीय. ज्यानं माप घेतलं त्यानं प्रत्येक चौकटीवर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची, तारखेसकट. दरवाजा बसला नाही तर कुणाला विचारायचं ते कळतं."

अशी काही पद्धत नव्हती. ती मी तिथल्या तिथं काढली होती.

मग भाऊ म्हणाले, "तसं मला कुटं टाईम हाय गं. लई कामं हायेत. तूच घे माप."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून नसेल, पण अश्विनीनं आकडा वाचला तेव्हापासून नक्की. नुसतं बोलायचं होतं तोवर माप त्यांचं होतं, आणि सही म्हटल्याबरोबर ते माझं झालं. मी त्यांना बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

काका माझ्याकडे बघत राहिले. स्पीकरवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांना ते हळूहळू समजत होतं, गेटचंही आणि हात जोडल्याचंही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तेजू," ते म्हणाले, "अठरा दरवाजे म्हंजी टेपचं दुसरं टोक धराया कोन तरी लागंल. मी येऊ का?"

"या," मी म्हणाले. "पण आकडा मी बोलणार."