इंजिन ट्रकचं, पण गाडी मीच

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. दोन दारांची, आठ सिलिंडरची, एके काळी हिरवीगार. आधीच सांगून ठेवते, मला कुणाची कीव नको. कीव करणाऱ्यांनीच मला अडतीस वर्षं ताडपत्रीखाली ठेवलं.

माझा जन्म १९७० सालचा. ओहायोतल्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या क्लेटनने मला नवी कोरी घरी आणलं. आठवडाभर मी त्याला कामावर पोचवायची आणि शनिवारी शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर पाव मैल सुसाट धावायची. मी गल्लीत शिरले की लोक खिडक्या लावून घ्यायचे. क्लेटनचा जिवलग मित्र लाइल माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "ही गाडी नाही, वीज आहे वीज!" खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

त्या पट्ट्यावर एक नियम होता. रेडिएटरमध्ये साधं पाणीच भरायचं. थंडीत न गोठणारं कूलंट चालायचं नाही, कारण ते सांडलं की पट्टा निसरडा होतो. मोसम संपला की पाणी काढून कूलंट भरायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. १९८६च्या हिवाळ्याच्या तोंडावर क्लेटनने रेडिएटरच्या तळाची तोटी सोडली, पाणी गेलं, आणि कूलंट उद्या भरू म्हणून तो आत गेला. इंजिनच्या पोटातलं पाणी काढायला त्याच्या दोन्ही कुशींना एकेक प्लग, म्हणजे बूच, असतो. ते त्याने उघडलेच नाहीत. पोटातलं पाणी पोटातच राहिलं, पहाटेपर्यंत गोठून फुगलं आणि माझं इंजिन उभं चिरलं.

क्लेटनने सगळ्यांना सांगितलं, "इंजिनचं ओतीवच कच्चं होतं. कारखान्याची चूक." लाइल हळहळला. मला तोंड असतं तर तिथेच सुनावलं असतं. चूक याची आणि बदनामी माझी!

त्यानंतर मी परसात पडून राहिले. उंदरांनी गाद्या कुरतडल्या, दारं तळातून गंजली. क्लेटन माझ्याकडे बघायचं टाळायचा. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण लाजही होती, आणि ती मला एकटीलाच माहीत होती.

यंदा गावच्या कचेरीतून पत्र आलं. साठ दिवसांत ही गाडी स्वतःच्या बळावर रस्त्यावर आणून दाखवा, नाहीतर उचलून भंगारात दाबायला देऊ.

"नेऊ दे," क्लेटन म्हणाला. तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालाय, वॉकर धरून चालतो.

"नेऊ दे काय, बाबा? शाळेच्या पहिल्या दिवसाची माझी आठवण हिच्या मागच्या सीटवरची आहे!" त्याची मुलगी रोझॅन कडाडली. ती शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करते. हातात कसब भरपूर, पगार बेताचा.

मग ती कामाला लागली. आपटलेल्या ट्रकचं धडधाकट इंजिन तिने भंगारवाल्याकडून उचललं. पोलिसांच्या मोडीत निघालेल्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. माझे जन्माचे ब्रेक म्हणजे पाय दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. दारांचा गंज खरवडून तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. नवे पट्टे, नव्या तारा, जुन्याच काचा.

लाइल खिशात लोहचुंबक घेऊन आला. एका दाराला लावला, तो टपकन खाली पडला.

"लांबी थापलीस! आणि वर ट्रकचं इंजिन? पोरी, त्यापेक्षा हिला घोडा का नाही जुंपत? जन्माचं इंजिन नाही, इंजिनचा नि सांगाड्याचा नंबर जुळत नाही, मग ही गाडी कसली?"

"चालणारी," रोझॅन माझ्या पोटाखालूनच म्हणाली.

मला एवढा आनंद कुठल्याच शर्यतीत झाला नव्हता.

कचेरीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिने मला साधं पाणी भरून सुरू केलं. जुना रेडिएटर गळला तर महागाचं कूलंट वाया नको, हा हिशोब. गळला नाही. संध्याकाळी तिने रेडिएटरची तोटी सोडली, पाणी काढलं, कूलंट सकाळी आणू म्हणून हात पुसले. तिच्या बसगाड्यांत कधी साधं पाणी पडतच नाही, तिला प्लगची सवय कुठून असणार? हवेत कडाका वाढत होता. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात वॉकर खडखडला. क्लेटन सपाता घालूनच बाहेर आला होता.

"कुशीतले प्लग काढलेस?"

"रेडिएटर रिकामा केलाय, बाबा. आत चला, गारठाल."

"मीसुद्धा रिकामा केला होता." तो माझ्या बॉनेटला टेकला. "ओतीव कच्चं नव्हतं, रोझॅन. मी प्लग विसरलो. हिला मी मारलं आणि नाव कारखान्याचं घेतलं."

रोझॅनने पाना उचलला. "टॉर्च धरा," ती म्हणाली आणि खाली सरकली.

बादलीभर पाणी निघालं. सकाळी ती प्लास्टिकची बादली तळापासून तडकलेली होती आणि आत बर्फाचा गोळा होता.

कचेरीचा माणूस आला, लाइलही आला. कूलंट भरलं, रोझॅनने चावी फिरवली आणि मी असा आवाज दिला की गल्लीतल्या खिडक्या पुन्हा लागल्या. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. त्या माणसाने कागदावर खूण केली.

क्लेटनने ती तडकलेली बादली लाइलसमोर धरली. "शहाऐंशी साली हिच्या इंजिनचं हेच मी केलं होतं."

लाइलने माझं तेच लांबी भरलेलं दार उघडून धरलं. "बस आत, म्हाताऱ्या. मी मागे बसतो."

तर मित्रांनो, मला काचेच्या खोलीत ठेवू नका, माझे नंबरही जुळवू नका. मला चालवा. थंडीपूर्वी माझ्या पोटातलं पाणी काढा. आणि विसरलात, तर विसरलो म्हणा. तडकलेलं इंजिन बदलता येतं. त्या म्हाताऱ्याला मात्र ते एक वाक्य बोलायला अडतीस वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं आम्ही दोघंही जागचे हललो नाही.