बियाणेआई वर येते

‘मूठभर पेरा, गाडाभर न्या हो! आधी पारखा, मगच पेरा हो!’

बियाणे कंपनीच्या गाडीवरून, कर्ण्यातून येणारा बाबांचा तो आवाज शाळेतल्या बाईंच्या कानात अजून होता. बाबा कंपनीच्या पाट्या रंगवत, जाहिराती ओरडत. पुढे कंपनी बुडाली, आई गेली आणि बाबांचा आवाजही खोल गेला.

आज त्याच कंपनीच्या बंद गोदामापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. जमिनीतून जाहिरातीची जुनी पत्र्याची पाटी वर येत होती. चार दिवसांपूर्वी तिच्यावर रंगवलेल्या स्त्रीचं कपाळ दिसलं, आज ओठ आणि हातातली कणसं.

“बियाणेआई जागी झाली!” जुन्या मालकाचा पुतण्या गरजला. “घाला पाणी! जेवढा भाव, तेवढी वर येईल! आणि ही तिच्या पायाशी निजलेली पोती. पेराल तिथे सोनं! खत नको, शंका नको!”

“उधारी चालते का आईला?” मागून कुणीतरी विचारलं.

“आई रोखीतच पावते!”

लोक हसले, आणि हसत हसत रांगेत पुढे सरकले.

बाई शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी पोत्यांतलं ते बी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं होतं. एकाही दाण्याला मोड आला नव्हता. रांगेजवळ उभ्या असलेल्या थोरल्या भावापुढे त्यांनी फडकं उलगडलं.

“दादा, बी मेलंय रे. पेरू नकोस.”

“तू फळ्यावर शेती कर,” दादा म्हणाला. “सकाळीच सगळं रान पेरून मोकळा झालो. घरचं बी विकून हे आणलं.”

 बाई तडक पाटीपाशी गेल्या आणि खुरप्याने माती उकरू लागल्या.

“कोप होईल!” पुतण्या धावला. तोवर खड्डा उघडा पडला होता. पाटीखाली वाटाणेच वाटाणे, पाणी पिऊन टम्म फुगलेले.

“कोरडे वाटाणे याने पुरले,” बाई पुतण्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. “ पाणी तुम्ही घातलंत. ते फुगले आणि पाटी उचलली गेली. घरी डबा भरून भिजवा, झाकण उडेल!”

 मग एक आजी म्हणाली, “पण वाटाण्यांना फुगायला सांगितलं कुणी गं? तिनेच ना?”

हात पुन्हा जोडले गेले. बाईंना धड रडताही येईना.

बाबा रोजच्यासारखे भिंतीला टेकून पाटीकडे बघत होते.

“बाबा, पाटी तुम्ही रंगवलीत. तुम्ही तरी बोला!”

बाबा उठले. बाहीने त्यांनी पाटीच्या तळाची माती पुसली. खाली अक्षरं होती: आधी पारखा, मगच पेरा.

“ही देवी नाही,” ते म्हणाले. “ही माझी बायको. लोक तिला हात जोडत होते, मला बरं वाटत होतं. म्हणून गप्प बसलो. तापाने गेली ती. स्वतःला वाचवता आलं नाही तिला, तुमचं रान कुठून पिकवणार? ओल्या फडक्यात दाणे बांधा. मोड आला तर पेरा. ती दरवर्षी हेच करायची.”

त्यांनी दादाकडे पाहिलं. आवाज फाटला, तरी कर्ण्यापाशी लावत तसाच चढवला.

“माझ्या पोराचं पेरून झालं हो! तुमचं अजून पिशवीत आहे!”