शिंगं न रंगवलेले बैल

आमचे हे, फौजदार अर्जुनराव, पेन्शनीत निघाले, तरी मिशीचा पीळ काही उतरला नव्हता. मोताळ्याला घर केलं, तिथे हे दिवसभर कोंबड्यांवर हुकूम सोडायचे. मला हसू यायचं. एका पोळ्याच्या आदल्या दिवशी बनाबाई दारात येऊन बसली आणि ते हसू संपलं.

बनाबाई म्हणजे जानरावची आई. महाराष्ट्र झाला त्या साली धाडजवळच्या एका गावात वामनराव नावाच्या शेतकऱ्याचा खून झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीत प्रेत सापडलं. जानराव हा वामनरावाच्या थोरल्या भावाकडे, महादेवरावाकडे, सालदार होता. वामनरावाशी बाजारात त्याची बाचाबाची झालेली, म्हणून तपास करणाऱ्या आमच्या ह्यांनी त्यालाच धरलं आणि कोठडीत बडव बडव बडवलं. पुराव्याअभावी कोर्टाने सोडला, गावाने नाही. कुणी कामावर घेईना. रस्त्याची खडी फोडता फोडता त्याची छाती गेली.

"पोरगं चाललं, साहेब," बनाबाई म्हणाली. "खुनी म्हनून मरू देऊ नोका त्याले."

ह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, कोंबड्या हाकत बसण्यापेक्षा जा. आणि मीही सोबत निघाले, कारण ह्यांच्या एकट्याच्या भरवशावर हे काम सोडायची माझी तयारी नव्हती.

आधी वामनरावाच्या विधवेकडे, सुभद्राबाईकडे गेलो. पोळ्याची सकाळ. गावभर बैलांची शिंगं रंगवणं चाललेलं. ते बघून ती माझ्यापाशी रडायला लागली.

"त्या पोळ्याले आमचे मालक घरी नव्हते, बाई. बजारले थांबले असतीन म्हनून म्या बैल सजवले, पुरनपोळी चारली. सुतकात सन केला म्या! आमच्या भासऱ्यायनं, महादेवरावनं, तं बैल गोठ्याबाहेर बी नाही काढले."

हे ताडकन उठले. शेजारीच महादेवरावाचं घर. तो ओट्यावर बसून बैलाची झूल झटकत होता. ह्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "महादेवराव, त्या साली पोळा काऊन नाही केला?"

"भाऊ मेल्यावर पोळा करतेत काय? सुतकात?"

"वामनराव तर दुसऱ्या दिवशी सापडला."

झूल त्याच्या हातातून गळून पडली. सख्ख्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, घालताना ज्याला काही वाटलं नाही, त्याला सुतक मोडायची भीती वाटली होती! मला किळस आली. पोलीस पाटलासमोर त्याने सगळं ओकलं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून केलं म्हणाला.

तिथून तडक जानरावच्या झोपडीत गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, छाती नुसती वाजत होती. ह्यांनी शेजारी बसून त्याला सांगितलं, महादेवराव कबूल झाला. कशावरून सापडला तेही सांगितलं. बनाबाईने तोंडाला पदर लावला.

जानरावने मान ह्यांच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "बैलाचं तं म्या तवाच सांगतलं होतं, साहेब. मालकानं शिंगं रंगवू देली नाही म्हनून. पहिल्याच दिशी. तुमी म्हनले, खून इचारतो तं बैलाच्या गोष्टी सांगतो काय बे? अन् अजून मारलं."

ह्यांनी मान खाली घातली ती वर करेनात. एस्टीची वेळ होत आली होती, पण मी "चला" म्हटलं नाही. बसू दे तिथेच, असं वाटलं.