चुलीचा हेवा

जुना असलो तरी मी अजून चालता संगणक आहे, मित्रांनो. मोताळ्यात केसरबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारालगत माझे टेबल आहे, आणि समोरच माझी सवत, म्हणजे त्यांची चूल. हसू नका, हेवा यंत्रालाही वाटतो.

केसरबाईंची लेक रेणुका महाविद्यालयात शिकवते. धुराने खोकणारी आई तिला बघवेना. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळूनही धूर न करणारी चूल तिला घडवायची होती, पण आधी तो जाळ तिने माझ्या पडद्यावर पेटवून पाहिला. ज्योतीची कड केसासारखी बारीक, तर स्वयंपाकघर दहा बाय बारा. हिशेब मात्र दोन्हींचा एकत्र! ज्योतीजवळ मी इवले चौकोन आखले, छताकडे मोठे, आणि प्रत्येकातली हवा, उष्णता, धूर मोजत बसलो. माझेही अंग तापले. पण थंडीत हात शेकायला सगळे चुलीपाशीच.

माझ्या उत्तराप्रमाणे नवी चूल झाली. हवेसाठी तिच्या कडेला बारीक छिद्रे ठेवली होती. धूर जवळजवळ थांबला. शेजारच्या गीताबाई आल्या आणि चुलीचे तोंडभर कौतुक करून गेल्या. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. मी मनातून जळत होतो.

आठवडाभरातच घर पुन्हा धुराने भरले. चुलीत काही बिघडले का, असे रेणुकाने विचारताच केसरबाई खोकत म्हणाल्या, "तुह्या डब्याचंच गणित चुकलं. चुलीले काऊन नावं ठेवतं?"

मला भंगारात द्यायची भाषा सुरू झाली. मी हबकलो. पण रेणुका आधी चुलीपुढे वाकली. केसरबाई रोज सकाळी रिवाजाप्रमाणे चुलीला पांढऱ्या मातीचे पोतेरे करीत, आणि त्या मायेपोटी सगळी छिद्रे बुजली होती. रेणुकाने माझ्या हिशेबातही ती बुजवून पाहिली. पडद्यावर तस्साच धूर दाटला. राईएवढी छिद्रे, पण त्यांनी घर कोंडले होते. तिने खिळ्याने ती मोकळी केली आणि केसरबाईंनी न खोकता भाकरी थापल्या.

मग त्या हातात ओले पोतेरे घेऊन माझ्याकडे आल्या. "म्या याच्यावर उगाच आळ घेतला," त्या म्हणाल्या. "आता याले बी रोज पोतेरं करीन."

मित्रांनो, ज्या मायेचा जन्मभर हेवा केला, ती अंगावर येताना पाहून माझी बोबडीच वळली! रेणुकाने आईचा हात धरला म्हणून वाचलो. माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय सोसते तेही पाहा. मला कोरडे फडके पुरे आहे. फक्त ते चुलीच्या आधी फिरवा.