मिरची न लागलेलं भांडं

मित्रांनो, आम्हा मिक्सरांच्या आयुष्यात सतरा वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे. बटणाभोवतीचे एक, दोन, तीन हे आकडे पुसून गेले आहेत. मागच्या एका पायाचं रबर केव्हाच गळून पडलं, त्यामुळे चालू झालो की मी ओट्यावर थोडा सरकतो. तरी मला माझी कहाणी तुम्हाला सांगायची आहे. ती बढाईची नाही. या घरात मी जे पाहिलं त्यानं मी अजून थक्क आहे, आणि थक्क झालेल्याला गप्प बसवत नाही.

माझा जन्म कोइमतूरच्या एका कारखान्यात झाला. तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळून गुंडाळून माझी मोटर तयार झाली. एका बाईनं मला पहिल्यांदा चालू केलं, कान देऊन माझा आवाज ऐकला आणि मान डोलावली. मला तीन भांडी मिळाली. चटणीचं लहान, वाटणाचं मधलं आणि सरबताचं मोठं. मग आम्ही खोक्यात बसून हुबळीला आलो आणि दुर्गव्वानं आम्हाला घरी आणलं.

दुर्गव्वाचा अमरगोळच्या मार्केट यार्डाच्या फाटकाशी नाश्त्याचा गाडा होता. पोहे, कुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी. पोती उचलणारे हमाल, माल घेऊन आलेले शेतकरी, ट्रकवाले, सगळे सकाळी सकाळी तिच्याकडे येत. नवरा लवकर गेला. त्या गाड्यावरच तिनं लोकेशला वाढवलं, शिकवलं. दिवस उजाडायच्या आत मी तिची लाल चटणी वाटायचो. लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि भरपूर सुकी मिरची. "दुर्गव्वाची चटणी खाल्ली की पोतं हलकं लागतं," असं हमाल म्हणायचे म्हणे. ती घरी येऊन हे सांगायची आणि माझ्यावरून ओलं फडकं फिरवायची. ते फडकं म्हणजे माझी शाबासकी.

माझ्या मोठ्या भांड्याला मात्र कधी काम मिळालं नाही. "ते पाहुण्यारावळ्याला," असं म्हणून दुर्गव्वानं ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढलंच नाही.

पुढे लोकेश बसमध्ये कंडक्टर झाला. त्याचं लग्न झालं. बेळगावची गौतमी सून म्हणून घरात आली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या ऑफिसात ती कारकून आहे. तिच्याबरोबर एक नवा, चकचकीत, ताकदवान मिक्सर आला आणि मी माळ्यावर गेलो. सहा वर्षं मी तिथे होतो. धूळ बसली, कोळ्यानं माझ्या भांड्यावर जाळं विणलं. खालून चटणी वाटल्याचा आवाज यायचा आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, जरा थांबून फिरव, बाबा, लसूण जळेल.

मग एके दिवशी तो आवाज बंद झाला.

दुर्गव्वाच्या घशात गाठ निघाली होती. तीस वर्षं गालात धरलेल्या तंबाखूनं आपलं काम केलं होतं. दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. घरी येऊन तिघं स्वयंपाकघरात जे बोलत तेवढंच मला ऐकू येई. किरणांचे उपचार द्यायचे ठरले. इथे त्याला सगळे 'करंट' म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, असे तेहेतीस करंट. दोन आठवड्यांत तोंड आतून सोलवटून निघालं. भाकरी गेली, भात गेला, चव तर पार गेली. दुर्गव्वा म्हणायची, "गूळ काय नि माती काय, सगळं एकच लागतंय बघ."

गौतमीनं मोबाईलमध्ये बघून तिच्यासाठी स्मूदी करायला घेतली. नव्या मिक्सरचं भांडं तिनं तीनदा घासून धुतलं. तरी पहिल्याच घोटाला दुर्गव्वा कळवळून ओरडली. वर्षानुवर्षं मिरची वाटलेलं ते भांडं. तुम्हाआम्हाला कळणारही नाही एवढा तिखटाचा अंश, पण त्या सोललेल्या तोंडाला तो निखाऱ्यासारखा लागला.

गौतमी त्या भांड्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, माळ्यावर एक भांडं आहे ना? अव्वांनी कधी वापरलंच नाही ते?"

लोकेशनं स्टूल घेतलं. माझं मोठं भांडं खाली गेलं, पण ते नव्या मिक्सरवर बसेना. म्हणून मलाही उतरवावं लागलं. खरं सांगतो मित्रांनो, बोलावणं माझ्या भांड्याला आलं होतं, मला नव्हे.

दुरुस्तीवाला पद्मनाभ घरी आला. माझ्या डोक्यावरचं रबरी चाक, ज्याला कपलर म्हणतात, ते वाळून तडकलं होतं. ते त्यानं बदललं, मोटरला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन बदलले आणि मला चालू केलं. सहा वर्षांनी माझा आवाज मीच ऐकला. "मोटर खणखणीत आहे," तो म्हणाला. "फक्त एकदम पळवू नका. मिनिटभर फिरवा, जरा दम खाऊ द्या." गौतमीनं माझ्यावर एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, 'मिरची बंद'.

तर अशी आमची सुरुवात झाली. केळं, सफरचंद, मध. पिवळसर, देखणे पेले. दुर्गव्वा डोळे मिटून प्यायची. आठवड्यानं दवाखान्यात वजन केलं तर आणखी दोन किलो उतरलेलं. बावन्नची बाई सेहेचाळीसवर आली होती. पंचेचाळीसच्या खाली गेली तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर दुर्गव्वा एवढंच म्हणाली, "नळी बेडा. नको मला नळी."

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ निवेदिता मॅडमना गौतमीनं ओट्यापाशी उभं राहूनच फोन लावला. फोन माझ्याशेजारी ठेवलेला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"गौतमी, तुम्ही अव्वांना फळं देताय, न्याहारी नाही देत," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या फळानं घटकाभर तरतरी येते. अंगावर मांस टिकायचं तर त्याच पेल्यात सगळं बसायला हवं. दूध किंवा ताजं दही घ्या. शेंगदाणे भिजवून घ्या. नाचणी शिजवून घाला. एखादं मऊ, पिकलं फळ. वर चमचाभर तूप. संत्रं, अननस सध्या लांब ठेवा. आणि पाण्यासारखं पातळ नको, ठसका लागतो. दाट हवं, पण एकसुद्धा कण राहता कामा नये."

"आणि नळी?" गौतमीनं हळूच विचारलं.

"नळी काही शत्रू नाही. लागली तर घालू, तिनंही माणसं बरी होतात. पण आधी हे करून बघा."

एकही कण राहता कामा नये! मित्रांनो, माझ्या पात्यांना हे नवं होतं. चटणी भरडच चांगली लागते. आयुष्यभर मी भरड वाटत आलो होतो. आता भिजलेला शेंगदाणा लोण्यासारखा करायचा होता. गौतमीनं दोनतीन दिवसांत ते साधलं. आधी फक्त दाणे आणि दोन घोट दूध, मग नाचणी, मग दही, फळ सगळ्यात शेवटी. सगळं एकदम कोंबलं की दाणे वर तरंगत राहतात आणि पातं खाली रिकामं फिरतं, हे तिचं तिलाच समजलं. लोकेश कलघटगीच्या बाजारातून चांगले शेंगदाणे आणि मऊ पिकलेले चिकू घेऊन आला.

आणि मग मी ते पाहिलं, ज्यासाठी ही सगळी कहाणी सांगतो आहे.

एक पेला स्मूदी प्यायला तुम्हाला किती वेळ लागेल? दोन मिनिटं? दुर्गव्वाला सव्वा तास लागायचा. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची. चमचाभर तोंडात घ्यायची. गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, दोन्ही मुठी आवळल्या जायच्या, आणि मग तो घोट खाली उतरायचा. मग दुसरा. मी मिनिटाला हजारो फेरे मारणारं यंत्र. पण एका घोटाला एवढी ताकद लागते हे मला ठाऊक नव्हतं. शेजारी गौतमीही तसाच पेला घेऊन बसायची. सासूनं एक घोट घेतला की हिनं एक घ्यायचा.

"तू कशाला पितीस हे माझ्याबरोबर? ऑफिसला उशीर होईल की," दुर्गव्वा म्हणायची.

"मी तरी रोज उपाशीच पळत होते की, अव्वा. माझाही नाश्ता होतोय."

असं करत बावीस करंट झाले. तेविसाव्या करंटच्या दिवशी सकाळी दुर्गव्वानं पेला हातानं बाजूला सारला.

"साकु, गौतमी. बास झालं. माझ्यानं होत नाही आता. त्या डॉक्टरला सांग, मला सोडा."

लोकेश दारात युनिफॉर्ममध्ये उभा होता. तो तोंड फिरवून बाहेर गेला. गौतमीनं स्वतःचा पेला खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "अव्वा, अमरगोळला किती वर्षं गाडा लावलात?"

"सव्वीस."

"कुणाला उपाशी पाठवलंत कधी? हातात पैसे नसतील त्यालाही?"

"छे गं. कुणालाच नाही. उपाशी माणूस पोतं कसं उचलणार?"

"मग स्वतःलाच का पाठवताय?"

दुर्गव्वानं सुनेकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. मग भिंतीला धरून ती उठली. ओट्यापाशी आली, पेल्यातली स्मूदी तिनं परत माझ्या भांड्यात ओतली, झाकण लावलं आणि झाकणावर तळवा ठेवला.

"लाव," ती म्हणाली.

गौतमीनं बटण फिरवलं. दुर्गव्वानं डोळे मिटले.

"थांब. दाणा राहिलाय अजून. कडेला वाजतोय. ऐकू येईना होय तुला?"

गौतमीला ऐकू आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही जाणवलं नव्हतं. दुर्गव्वाच्या जिभेला चव नव्हती, घसा जळत होता, अंगावर हाडं तेवढी उरली होती; पण सव्वीस वर्षांचं वाटण तिच्या तळव्यात जसंच्या तसं होतं. तिनं पुन्हा फिरवायला लावलं, पुन्हा थांबवलं, चमचाभर दूध वाढवलं. तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली. कारखान्यातल्या त्या बाईनं मला जन्मल्या जन्मल्या तपासलं होतं, पण माझ्या आत काय चाललंय ते एवढं कुणी ओळखलं नव्हतं. मोटर थांबली, तरी त्या तळव्याखाली मी आतून थरथरतच होतो.

त्या दिवशी पेला रिकामा व्हायला दोन तास लागले. गौतमीनं ऑफिसला सुट्टी टाकली. दुसऱ्या दिवसापासून दुर्गव्वानं आपली स्मूदी आपल्याच देखरेखीखाली करून घेतली. "मी करते तेच मी पिते," ती म्हणायची, "दुसऱ्याचं केलेलं कुठं मला आवडतंय!"

त्या आठवड्यात वजन साडेपंचेचाळीस भरलं. पुढच्या आठवड्यातही तेवढंच. शेवटी शेवटी सेहेचाळीस. तेहेतीसच्या तेहेतीस करंट एकही खाडा न होता पार पडले, नळीशिवाय. ती बातमी लोकेशनं सांगितली. कंडक्टरचा एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी तो पुटपुटत होता.

पुढचे दोन महिने शांत गेले. मऊ भात आला, मग भाकरीचा पापुद्रा दुधात. तपासणीत डॉक्टरांनी सगळं चांगलं असल्याचं सांगितलं. सकाळची स्मूदी मात्र चालूच राहिली, आता तिघांसाठी. चव तेवढी आली नव्हती. "येईल, नाहीतर नाही. पोट भरतंय ना," असं दुर्गव्वा म्हणायची, पण जेवताना ती ताटाकडे बघायची नाही.

परवाच्या मंगळवारी गौतमी घाईत होती. दुर्गव्वा अंगणात होती, म्हणून गौतमीनं एकटीनंच केळं, दाणे, नाचणी, दही फिरवलं आणि पेले भरले. दुर्गव्वा आत आली, बसली, एक घोट घेतला आणि तिचा चेहरा एकदम वाकडा झाला.

"शी! तुरट लागतंय. केळं कच्चं घातलंस की गं!"

गौतमी ओट्याकडे वळली, सालीकडे बघून म्हणाली, "हो, जरा हिरवंच होतं, पण मला वाटलं..." आणि तिथेच थांबली. ती हळूहळू मागे वळली. दुर्गव्वाही पेला हातात धरून तशीच बसली होती. ओठ हलत होते. तिनं दुसरा घोट घेतला, तोंडात घोळवला.

"तुरट," ती कुजबुजली. "आणि दही... आंबट. गौतमी, दही आंबट आहे."

लोकेश दाढी अर्धवट टाकून धावत आला. त्याला वाटलं काहीतरी विपरीत झालं. स्वयंपाकघरात बायको आणि आई एकमेकींना धरून रडत होत्या, आणि आई मधूनच म्हणत होती, "किती वाईट झालंय रे हे! किती वाईट!"

माझ्या कामाला एवढी वाईट पावती कधी मिळाली नाही, मित्रांनो, आणि एवढी मोठीही.

मी म्हातारा आहे. माझी मोटर किती दिवस चालेल सांगता येत नाही. म्हणून जाता जाता दोन शब्द. भांडं वापरल्या वापरल्या धुवून उपडं ठेवत जा, पाती जास्त टिकतात. मोटर गरम झाली तर तिला थांबू द्या. घरात कुणी आजारी असेल तर त्याचं भांडं वेगळं ठेवा. आणि सकाळी तुमच्यासमोर कुणी पेला ठेवला, तर तो उभ्या उभ्या, दप्तर खांद्याला लावून रिचवू नका. खाली बसा. एक घोट घ्या. तो जिभेला गोड लागेल, गळ्यातून अलगद खाली उतरेल, आणि तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही!