शोकाच्या फुलांवरची बादली

आमचे विभागप्रमुख योम साहेब यांना पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी वाक्प्रचारांचं वेड लागलं. या वयात माणसं डोंगर चढतात, नाहीतर मासे धरतात. यांनी फोनवर कुठल्याशा मास्तराची शिकवणी लावली. झालं! दर सोमवारी कोरियातल्या आमच्या चांगवॉनच्या कचेरीत फळ्यावर एक वाक्प्रचार, खाली त्याचा अर्थ, आणि आम्ही घोड्यांनी उभं राहून तो तीनतीनदा घोकायचा. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. मुसळधार पाऊस म्हणजे कुत्री-मांजरं. आम्ही पाण्याचे व्हॉल्व्ह विकणारी माणसं, आम्हाला काय करायचीत कुत्री-मांजरं? पण होला हो केल्याशिवाय आमच्या कंपनीत कोणाचं भलं झालंय?

सोल्बीचा मात्र आवाज निघायचा नाही. ही करारावरची पोरगी. मेलबर्नला मावशीकडे राहून शिकलेली, म्हणून परदेशी गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची. तिची दोन वर्षं भरत आली होती. आता एकतर कायम करायचं, नाहीतर नारळ द्यायचा, आणि सही योम साहेबांची. पोरीनं त्या भरवशावर आईला खानावळीतलं काम सोडायला लावलं होतं.

अशात बुसानच्या टर्नबुल साहेबांचे वडील गेले. टर्नबुल म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि वडील त्यांच्याजवळच राहायचे. रीतीप्रमाणे इस्पितळाच्या शोकगृहात फुलांची उंच तिवई पाठवायची होती, तिच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि दुखवट्याचे दोन शब्द. योम साहेबांनी शब्द स्वतः काढले, तेही इंग्रजीत. 'आपल्या पूज्य वडिलांनी बादलीला लाथ मारली, आम्ही शोकाकुल आहोत.'

इंग्रजीत याचा अर्थ मरणं असाच होतो, खोटं कशाला बोला. पण कसा? म्हातारा गचकला, असा. सोल्बीचं तोंड उतरलं. चारचौघांत वरिष्ठांची चूक काढू नये एवढं तिला कळत होतं, म्हणून कॉफी द्यायच्या निमित्तानं ती त्यांच्या टेबलाशी गेली आणि हळूच म्हणाली, की हे शब्द टवाळीत चालतात, दुखवट्यात नाही.

साहेब तिला लहान पोरीसारखं समजावू लागले. "थोरामोठ्यांना आपण 'मेले' म्हणतो का? आपल्या कोरियनमध्ये 'परतले' म्हणतो. आडवळणानं बोलणं म्हणजेच आदर, सोल्बी. सरळ 'मेला' म्हणायचं ते शेजारच्या कुत्र्याला. इंग्रज काय माणसं नाहीत?"

तिनं आशेनं आमच्याकडे पाहिलं. त्या घटकेला सगळ्यांनाच महत्त्वाची कामं आठवली. उपप्रमुख तर म्हणाले, पट्टीत आदर कसा ठासून भरलाय. लाळघोटे मेले!

दुसऱ्या दिवशी काळे कपडे करून आम्ही बुसानला गेलो. तिवई अगदी दारात. टर्नबुल साहेबांनी पट्टी वाचली, परत वाचली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं. पण तो माणूस डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. त्यानं योम साहेबांचा हात धरून काहीतरी सांगितलं. साहेबांनी सोल्बीकडे पाहिलं.

"वडिलांना हे फार आवडलं असतं, म्हणतात," तिनं सांगितलं. पुढे म्हणाली, "सगळा जन्म त्यांनी लोकांची थट्टा करण्यात घालवला, म्हणून." पण पुढचं ऐकायला साहेबांचे कान मोकळे होते कुठे? ते केव्हाच शेजारच्या टेबलाशी, दुखवट्याला येणाऱ्यांना वाढतात तो तिखट रस्सा ओरपत स्वतःच्या इंग्रजीचं कौतुक सांगत बसले होते.

सोमवारी सोल्बीच्या कागदावर शेरा पडला: इंग्रजी कच्चं. उपप्रमुखांचा भाचा तिच्या जागी कायम झाला. त्याला 'गुड मॉर्निंग'च्या पुढे काही येत नाही, पण तीनदा घोकताना आवाज खणखणीत लागतो.

निरोपाचं जेवण मात्र दिलं हो, तेवढे शिष्टाचार आहेत आमच्यात. शेगडीवर डुकराचं मटण चरचरत होतं. सोल्बी उठली, दोन्ही हातांनी बाटली धरून तिनं साहेबांच्या पेल्यात सोजू ओतली आणि खाली मान घालून म्हणाली, "साहेब, तुम्हाला शंभर वर्षं लाभोत. त्यानंतर मीही फुलं पाठवीन. हेच शब्द घालून."

आमच्या हातातल्या चॉपस्टिक्स जागच्या जागी राहिल्या.

योम साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "जाता जाता का होईना, शिकली."