पहिल्या गाडीचं खोबरं

आमच्या सोनाजीमामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जन्मभर दोनच गोष्टींचा घोर. मेंढरं आणि बस. मेंढरं विकून झाली, बस तेवढी राहिली. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावाला गाडी मिळावी म्हणून त्यांनी तहसीलचे उंबरे झिजवले. लोक हसायचे. मग मामांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी शहराच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कुठं हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

अखेर सरकारला जाग आली. गावं शहराला जोडायला विजेवरच्या गाड्या येणार, त्यातली एक आमच्या रस्त्यावर. हे कानावर पडताच काळी-पिवळी जीपवाले दुसऱ्या रस्त्याला गेले. गार हवेच्या गाडीपुढं आमच्या खटाऱ्यात कोण बसणार, म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

गाडी आली ती नेमकी डायलिसिसच्या दिवशी. माझे मालक वाळूजला कंपनीत ड्युटीवर, सासूबाईंना गुडघ्यांमुळं हलता येत नाही, म्हणून मामांना मीच घेऊन निघाले. पायांना सूज, चार पावलांवर धाप, पण डोक्याला नवा फेटा.

"पहिल्या गाडीनं दवाखान्यात जायचं, सृष्टी. देवानं दिवस बी बघूनच दिला."

गाडी थांब्यावर उभी होती. धुतलेली, पुढं मोठा हार, बाजूला केळीचे खुंट. दार मात्र बंद. आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते यायचे होते. त्यांनी नारळ फोडल्याशिवाय चाक हलणार नव्हतं.

आणि दवाखान्याचा नियम असा, की वेळेवर पोचला नाहीत तर मशीन पुढच्या पेशंटला. मामांच्या अंगात पाणी साठलं होतं. आजचं डायलिसिस चुकलं तर काय होईल, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं.

ऊन चढलं. भाऊंचा पत्ता नाही. मामांच्या छातीत घरघर सुरू झाली. शेजारच्या पुंजारामला दया आली, तो मोटारसायकल घेऊन मामांपुढं उभा राहिला.

"तात्या, बसा मागं. सोडतो."

"गाडी दारात आल्यावर फटफटीवर जाऊ व्हय?" मामा म्हणाले. "नारळ फुटू दे. आपली गाडी हाय ती."

"मामा, मशीन जाईल हो!"

"नाय जात."

मी त्यांचा हात धरून ओढलं. सासऱ्याला चारचौघांत ओढणारी सून! बायका तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. मामांनी हात सोडवून घेतला. पुंजाराम वाट बघून बघून शेतावर निघून गेला आणि माझा धीर खचला.

भाऊ आले. नारळ फुटला, पाणी तांब्यात धरलं. ज्यांनी गाडीसाठी जिवाचं रान केलं त्यांचा मान पहिला, असं म्हणत भाऊंनी मामांना पुढं बोलावलं. एका हातात तांब्या दिला, दुसऱ्या हातात खोबऱ्याचा तुकडा. सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

नारळपाणी म्हणजे या पेशंटला विष, असं सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रक्त धुतलेलं नसलं तर हृदय बंद पडू शकतं.

"मामा, नका पिऊ! पाया पडते तुमच्या!"

"अगं, परसाद हाय. परसादानं कुणाला काय झालंय?" भाऊ म्हणाले आणि सगळे हसले.

प्रसादाला नाही म्हणणं मामांच्या सात पिढ्यांत नव्हतं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा केला. खोबरं धोतराच्या सोग्यात बांधलं. सासूबाईंसाठी. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

गाडी छान होती, खोटं कशाला बोलू. धक्का नाही, धूर नाही. मामा काचेला कपाळ टेकवून बघत होते आणि मी मनातल्या मनात गाडी ढकलत होते.

शहरात उतरताना मी ड्रायव्हरला, कडुबाला, परतीची वेळ विचारली. तो गाडीचा हार उतरवत होता. हार प्लास्टिकचा होता. त्यानं तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

"ताई, ही गाडी आजच्यापुरतीच," तो खाली बघत म्हणाला. "उद्या गंगापूर रोडला हिचंच उद्घाटन हाय. तुमची कवा येईल, वरच्यांनाच ठाऊक."

मामा माझ्या मागंच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

मशीन गेलेलं होतं. नारळपाण्याचं सांगितलं तशी सिस्टर माझ्यावर कडाडली आणि डॉक्टरांना आणायला पळाली. मी मामांना बाकावर बसवलं. ओठांना मुंग्या येतात म्हणाले, पायात जीव नाही म्हणाले. मग त्यांनी सोग्याची गाठ सोडली, खोबरं काढलं आणि बाकाखाली टाकून दिलं.

प्रसाद टाकताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

"फटफटीवर बसायला पायजे व्हतं, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांची मान माझ्या खांद्यावर आली.

डॉक्टर धावत आले. मामांना बाकावर आडवं घालून छाती दाबत राहिले, मग थांबले. मी मामांचा हात घट्ट धरला होता. सिस्टरनं माझी बोटं एकेक करून सोडवली.